ठाण्याहून वाघोलीला: समुद्री टाकीचं घर बदलताना

समुद्री टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, हलवायची म्हटलं की घरचे काचेची काळजी करतात. माझा जीव मात्र दगडांत अडकलेला असतो. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे टाकीत रचलेल्या जिवंत सच्छिद्र दगडांच्या, भोकाभोकांत जे जिवाणू राहतात, तेच माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून सुटणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. पाण्यात हे जिवाणू फारच थोडे असतात, ते चिकटून राहतात पृष्ठभागाला. काच फुटली तर नवी मिळते, पाणी मिठापासून तयार करता येतं, पण वर्षानुवर्षं मुरलेला दगड बाजारात विकत मिळत नाही. आमची साठ लिटरची टाकी ठाण्याहून पुण्याजवळच्या वाघोलीला नेताना सगळं नियोजन मी तीन गोष्टींवर बांधलं: दगड ओले राहिले पाहिजेत, जुनी वाळू जिवंत पाण्यात ढवळली जाता कामा नये, आणि मासे सगळ्यांत शेवटी निघाले पाहिजेत.

टाकीत होतं काय, ते आधी सांगते. क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिम्प जातीची कोळंबी, शंखातले छोटे खेकडे, काच साफ करणाऱ्या गोगलगाई, आणि झोआ, मशरूम, एक लेदर ही मऊ अंगाची प्रवाळं. कठीण सांगाड्याचं एकही प्रवाळ नाही, समुद्रघोडाही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळभित्ती उभारणारी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे येतात, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. दुकानात कोणी देऊ केलं तरी घेऊ नका. आणि जे घेतलंय त्याची पावती जपा, प्रवासात ती गाडीतच ठेवा.

तयारी आठवडाभर आधी सुरू करा. पहिलं काम म्हणजे नव्या घरचं पाणी तपासणं. पुण्याच्या कडेच्या बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात. हे पाणी जड असतं आणि आज एक, उद्या दुसरं असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घेऊन जा आणि नळाखाली धरा. नंतर आरओमधून आलेलं पाणीही मोजा. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी प्यायला उत्तम असलं तरी त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असू शकतात. टाकीसाठी आकडा शून्याजवळ हवा, म्हणजे आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषून घेणारी डीआय रेझिनची नळी लागतेच. हे जमणार नसेल तर पहिल्या दिवसाचं सगळं पाणी जुन्या घरीच तयार करून न्या. मी तेच केलं.

मिठाचा हिशेब सोपा आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बाजारातल्या मिश्रणात थोडा ओलावा धरलेला असतो, म्हणून लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम घ्या. चाळीस लिटरला दीड किलो झालं. नेहमी पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियम खाली बसून पांढरा गाळ होतो. आदल्या दिवशीच मिसळून छोट्या पंपावर फिरत ठेवा आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर घनता १.०२५ आली की झाकण लावा. साठ लिटरच्या टाकीत दगड-वाळू धरून खरं पाणी पंचेचाळीस-पन्नास लिटरच असतं. त्यातलं तीस-पस्तीस लिटर जुनं पाणी आपण बरोबर नेणारच आहोत. तरीही चाळीस लिटर नवं तयार असू द्या. जार लवंडतो, काही सांडतं, आणि रात्री दहा वाजता नव्या घरात समुद्राचं पाणी कुठून आणणार?

सामानात वीस लिटरचे पाण्याचे जार, घट्ट झाकणाच्या खाण्याच्या दर्जाच्या बादल्या, बॅटरीवरचे हवेचे पंप आणि थर्माकोलचे खोके हवेत. औषधांच्या दुकानात लसी आणि इंजेक्शनं ज्यांतून येतात ते खोके मागा. मासळीबाजारातल्या खोक्यांपेक्षा ते स्वच्छ असतात आणि दुकानदार बहुधा फुकट देतो. बादली घरात साबणाला कधी लागलेली असेल तर ती वापरूच नका. माशांना दीड-दोन दिवस आधीपासून खायला देऊ नका. पोट रिकामं असलं की डब्यातलं पाणी कमी घाण होतं.

निघण्याच्या दिवशी सगळ्यात आधी हीटर बंद करा आणि अर्धा तास थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. मग टाकीला हात लावायच्या आत, म्हणजे एकही दगड हलवायच्या आत, वरचं स्वच्छ पाणी नळीने काढून घ्या. पहिलं पाणी माशांच्या आणि कोळंबीच्या डब्यांसाठी, पुढचं दगडांच्या बादल्यांसाठी, उरलेलं जारमध्ये. दगड उचलला की गाळ उठतो आणि त्या पाण्याचा भरवसा संपतो.

दगड पाण्यात बुडवूनच न्या. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळूनही दगड काही तास तग धरतात, पण त्यांच्या पोकळ्यांतले स्पंज हवा लागली की मरतात, आणि मेलेला स्पंज नव्या टाकीत अमोनिया सोडतो. ओझं वाढतं हे मान्य आहे, समुद्राचं पाणी लिटरला किलोपेक्षा थोडं जडच असतं. तेवढं ओझं उचलायची तयारी ठेवा. मोठे दगड तळाशी, झोआ-मशरूम असलेले वर, प्रवाळाची बाजू आकाशाकडे. लेदरला मात्र वेगळी बादली द्या. त्याला त्रास झाला की तो चिकट स्राव सोडतो आणि त्यातली रसायनं बाकीच्यांना सोसत नाहीत.

इथे थोडं थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी. झोआ आणि त्याच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे ज्ञात असलेल्या अत्यंत जहाल नैसर्गिक विषांपैकी एक आहे, आणि कोणत्या रंगाच्या झोआत ते आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून दगड हाताळताना लांब रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. बोटाला चीर असेल तर दगड दुसऱ्या कोणाला उचलायला सांगा. झोआ असलेला दगड ब्रशने घासू नका. गरम पाण्यात टाकणं किंवा उकळणं तर कधीच नको, कारण वाफेबरोबर विष श्वासात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात पोचल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. काम संपेपर्यंत लहान मुलं आणि मांजरं दुसऱ्या खोलीत. हातमोजे न काढता तोंडाला, डोळ्यांना हात लावायचा नाही. नंतर धाप लागली, अंग दुखू लागलं, तोंडाला कडवट धातूसारखी चव आली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा आणि प्रवाळाचा संपर्क आला होता हे त्यांना स्पष्ट सांगा.

दगड निघाले की मासे पकडणं सोपं होतं. पाणी वीतभर उरेपर्यंत थांबा. जाळी घेऊन पाठलाग करू नका, जाळीत कल्ले अडकतात. प्लास्टिकचा जग आडवा बुडवा आणि माशाला हळूच त्यात वळवा. जोडी एकाच डब्यात चालते. कोळंबी आणि खेकडे मात्र वेगवेगळे ठेवा, अंधाऱ्या अरुंद डब्यात खेकडा कोणालाही सोडत नाही. माशांचा डबा दोन-तृतीयांशच भरा, वर हवा राहू द्या. दगडांच्या बादल्या मात्र काठोकाठ भरा, म्हणजे घाटात पाणी हिंदकळून दगड एकमेकांवर आपटत नाहीत.

राहिली वाळू. माझं मत ठाम आहे: वर्षाहून जुनी, दोन बोटांपेक्षा जाड वाळू टाकून द्या. तिच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही, तिथे गाळ साठतो, कधीकधी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ती ढवळून तशीच नव्या घरात ओतली की हे सगळं एका क्षणात पाण्यात येतं. शिवाय समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश जास्त. गोड्या पाण्यातले मासे जेवढा अमोनिया सोसून नेतात तेवढाच इथे जीव घेऊ शकतो. दोन किलो नव्या अ‍ॅरॅगोनाइट वाळूचा खर्च त्यापुढे काहीच नाही. वाळू पातळ आणि नवी असेल तर टाकीच्याच उरलेल्या पाण्यात, धुवण निवळ येईपर्यंत धुऊन घ्या. घाण पाणी बाथरूमच्या मोरीत ओता, कुंड्यांत नको. आणि नको असलेला एकही जीव ठाण्याच्या खाडीत सोडू नका.

रिकामी टाकीच उचलायची. तळाशी चार बोटं पाणी आणि वाळू ठेवून उचललेल्या टाकीचे सिलिकॉनचे सांधे ताणतात. ती लगेच गळत नाही, नंतर कधीतरी रात्री गळते. काच टेम्पोतून, गादी आणि चादरींच्या मध्ये उभी जाऊ द्या. जिवंत सगळं मात्र आपल्या गाडीत, एसी २५-२६ वर. पॅकर्सच्या बंद टेम्पोत एप्रिल-मेमध्ये काय तापमान होतं याची कल्पना करा.

आम्ही पहाटे निघालो आणि शनिवार-रविवार टाळले. खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की एक्सप्रेसवेवर तासन्‌तास अडकायला होतं. ठाणे ते वाघोली चार तास धरा, तयारी आठ तासांची ठेवा. वाटेत थांबाल तेव्हा चहाच्या आधी बादल्यांची झाकणं उघडा. दगडांवरचे जीवही प्राणवायू वापरतात, आणि बंद बादलीत तो लवकर संपतो. मगभर पाणी उचलून वरून चार-पाचदा ओतलं तरी फरक पडतो. हिवाळ्यात लोणावळ्याला पहाटे हवा गार असते, तेव्हा उघडं ठेवून गप्पा मारत बसू नका.

नव्या घरी स्टँड आधीच लावलेलं हवं, पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी तपासलेलं. खिडकीचं ऊन पडणारी जागा नको. बिनफ्रेमच्या टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. वायर प्लगच्या खाली झोका घेऊन वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. दगड आधी थेट काचेवर रचा आणि हलवून पाहा, मगच वाळू पसरा. वाळूवर रचलेला दगड पुढे खेकड्यांनी उकरल्यावर घसरतो. मग जुनं पाणी, मग नवं, तळाशी बशी ठेवून तिच्यावर ओतत. पाणी फिरतं ठेवणारा वेव्हमेकर लगेच सुरू करा, हीटर पूर्ण बुडाल्यावरच. तापमान आणि घनता डब्यातल्या पाण्याशी जुळली की मासे सोडा. कोळंबीला मात्र तासभर थेंबाथेंबाने नवं पाणी देत राहा, क्षाराच्या फरकाला ती माशांपेक्षा कितीतरी नाजूक असते.

पुढचा आठवडा-दहा दिवस रोज अमोनिया तपासा. आकडा शून्यावरून हलला तर चौथा हिस्सा पाणी बदला. अमोनिया बांधून ठेवणारं औषध, प्राइमसारखं, घरात असू द्या. खाणं दुसऱ्या दिवसापासून, चिमटीच्या निम्मं. दिवे पहिले काही दिवस नेहमीच्या अर्धेच तास लावा. झोआ दोन-चार दिवस मिटलेले राहतात, लेदर आठवडाभर सुरकुतून कात टाकतो, वाळूवर तपकिरी थर येतो. त्यासाठी काहीही ओतू नका. महिनाभर नवा मासा आणू नका, आणि आणाल तेव्हा समुद्रातून धरलेला नको, हॅचरीत वाढलेला मागा. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे आता चांगली होते.

पुण्यात आल्यावर टाकीचं वेळापत्रकही बदलतं. ठाण्यात आमचा हीटर वर्षभर जवळजवळ झोपलेला असायचा आणि खरी चिंता उन्हाळ्याची होती. इथे जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून हीटर लिटरमागे निदान एक वॉटचा हवा आणि तो इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल हे आधीच मोजून ठेवा. मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की ठाण्याच्या मानाने पाणी फार लवकर उडतं. मीठ उडत नाही, त्यामुळे क्षारता चढत जाते. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत गोडं आरओ-डीआय पाणी भरा, खारं नाही.