हाणामारीचं विनोदी ॲनिमेशन करताय? या चुका टाळा

कसलाही अर्थ न शोधता बघता येणारा धुमाकूळ ही हौशी ॲनिमेशनमधली सगळ्यात आनंदाची गोष्ट आहे. काड्यांची माणसं एकमेकांवर तुटून पडतात, भिंती फुटतात, कुणीतरी टेबलाचा पाय उपटून तलवारीसारखा फिरवतो आणि दीड मिनिटात खेळ खलास. 2000 च्या आसपास फ्लॅश हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर हाती आलेल्या पोरांनी न्यूग्राउंड्ससारख्या साइटवर असल्या फिल्मांचा पाऊस पाडला. 2020 अखेर ब्राउझरमध्ये त्या फिल्मा चालवणारा फ्लॅश प्लेअर बंद झाला, पण हा प्रकार काही थांबला नाही. मला तो मनापासून आवडतो. म्हणूनच चांगली कल्पना आणि ढोर मेहनत असूनही एखादी फिल्म फसली की हळहळ वाटते. प्रेक्षकाला डोकं बाजूला ठेवता यावं म्हणून बनवणाऱ्याला ते दुप्पट चालवावं लागतं, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात.

सगळंच एकदम हलतंय

‘भारी आहे, पण काय झालं ते कळलंच नाही’ असं कुणी म्हणालं, तर तक्रार वेगाबद्दल आहे असं समजून सगळं संथ करू नका. वेग बहुधा ठीकच असतो. डोळ्याने कुठे बघायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून गोंधळ होतो. फिल्म मध्येच थांबवा आणि त्या फ्रेममधली, म्हणजे त्या क्षणाच्या एका चित्रातली, पात्रं नुसती काळ्या रंगाने भरून पाहा. कोण कुणाला मारतंय हे त्या काळ्या आकारांवरून कळलं नाही, तर पात्रांची पोझ, म्हणजे अंगाची ठेवण, चुकलीय. बारीकसारीक तपशील वाढवून ती सुधारत नाही.

मागे पन्नास जणांची मारामारी दाखवायची असेल तर खुशाल दाखवा, पण त्यांचे रंग फिके ठेवा आणि हालचाल छोटी, पुन्हापुन्हा येणारी करा. एका शॉटच्या शेवटी नजर पडद्यावर जिथे असेल, साधारण तिथेच पुढच्या शॉटमधली मुख्य घटना सुरू करा. हल्ला करणारा डावीकडून येत असेल तर तो डावीकडूनच येत राहू द्या. बाजू बदलायची असेल, तर ती बदलताना प्रेक्षकाला दिसली पाहिजे.

ठोसा बोथट वाटतो, तेव्हा फ्रेमची वाटणी तपासा. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर प्रत्यक्ष ठोसा दोन-तीन फ्रेममध्ये उरकला तरी चालतं. वेळ द्यायचा तो त्याच्या आधीच्या तयारीला, म्हणजे हात मागे खेचायला साधारण सहा ते आठ फ्रेम. ठोसा लागला की दोन-चार फ्रेम सगळं गोठवा. मारामारीचे व्हिडिओ गेम हेच मुद्दाम करतात. नवखा माणूस तयारी, ठोसा आणि परिणाम यांना सारख्या फ्रेम वाटतो, मग ठोसा पाण्याखाली मारल्यासारखा दिसतो.

मधल्या फ्रेम संगणकावर सोडल्या

माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन कीफ्रेम, म्हणजे हालचालीच्या सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम, ठेवल्या की सॉफ्टवेअर मधलं अंतर आपोआप भरतं. याला ट्वीन म्हणतात. ते सोयीचं आहे, पण बऱ्याचदा मुळात सगळीकडे एकच वेग असतो: हात ज्या गतीने निघतो त्याच गतीने थांबतो. त्यामुळे शंभर किलोचा राक्षसही फुग्यासारखा तरंगतो. सॉफ्टवेअरमधला गतीचा आलेख उघडा. जड वस्तू उशिरा हलू द्या, आणि पडताना तिचा वेग वाढू द्या. ऐन फटक्याच्या जागी तर ट्वीन काढूनच टाका आणि एक ताणलेलं, विचित्र चित्र हाताने काढा. ते एकच फ्रेम दिसतं, पण सगळा जोर त्यात असतो.

सेकंदाला 12 चित्रं काढून प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवणं ही मोठ्या स्टुडिओंचीही जुनी पद्धत आहे. थोडा खडबडीतपणा या प्रकाराला शोभतो. चित्रकला सुंदर नाही म्हणून थांबण्याचंही कारण नाही.

वाट्टेल ते घडलं म्हणजे हसू येत नाही

अचानक उडती तबकडी येते, मग नाच, मग स्फोट. पहिल्यांदा गंमत वाटते, तिसऱ्यांदा प्रेक्षक मोबाइल उचलतो. अमेरिकन ॲनिमेटर ॲलन बेकर यांचं 2006 चं ‘ॲनिमेटर व्हर्सेस ॲनिमेशन’ आठवा. काडीचा माणूस ज्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मला, त्याचीच अवजारं घेऊन आपल्या निर्मात्याशी लढतो. सगळा धिंगाणा त्या एका नियमातून निघतो, म्हणून पुढे काय येईल याची उत्सुकता टिकते. तुमच्या फिल्मलाही असा एक नियम हवा आणि प्रत्येक पात्राला एक क्षुल्लक हट्ट हवा. पात्रांनी तो हट्ट जिवावर उदार होऊन चालवावा. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला की पुढच्या फटक्याची भीती संपते आणि भीतीबरोबर हसूही जातं.

सगळ्यात मोठा स्फोट दहाव्या सेकंदाला उडवू नका. पण सुरुवातीला पार्श्वकथाही नको, पहिल्या पाच सेकंदांत छोटं काहीतरी फुटायला हवं.

आवाज शेवटी जोडला

अ‍ॅनिमॅटिकच्या टप्प्यावरच, म्हणजे कच्ची चित्रं वेळेनुसार मांडून बघतानाच, कच्चे आवाज टाका, तोंडाने काढलेले ‘धाड’, ‘सण्’ सुद्धा चालतील. टायमिंग त्यावरून ठरवणं सोपं जातं. फटका उशिरा वाजल्यासारखा वाटला तर आवाज एक फ्रेम आधी सरकवा. मोठ्या फटक्याआधी संगीत पूर्ण तोडून अर्धा सेकंद शांतता ठेवून पाहा, फरक लगेच जाणवेल.

सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी मागे-पुढे होत असेल, तर दोष बहुधा तुमच्या कानाचा नसतो. मोबाइलवर किंवा स्क्रीन रेकॉर्डरने घेतलेल्या व्हिडिओचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडा, अनेकदा बदलता असतो. असा तुकडा आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या, मगच टाइमलाइनवर आणा. प्रोजेक्टचा आणि एक्स्पोर्टचा फ्रेम रेटही एकच ठेवा.

पहिलीच फिल्म दहा मिनिटांची

सेकंदाला 12 चित्रांच्या हिशेबाने 30 सेकंदांना 360 चित्रं लागतात, दहा मिनिटांना 7,200, आणि तीही एकच पात्र असेल तर. 30 सेकंदांची फिल्म पुरी करा आणि काहीही न सांगता कुणालातरी दाखवा. दाखवताना पडद्याकडे नको, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. नजर जिथे ढळली, तिथला शॉट कापा, मग त्यावर तुमचे कितीही दिवस गेलेले असोत.