टीव्हीचा पंखा घरघरतोय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी अख्खं घर कुलरपुढे बसून टीव्ही पाहतं. आणि नेमके याच दिवसांत टीव्ही आपोआप बंद पडायला लागतात. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आमच्या काकांचा ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही असाच दर दहा मिनिटांनी मान टाकायचा. लाल दिवा लुकलुकायचा, थोडा वेळ थांबून परत लावला की परत तेच. दुरुस्तीच्या एका दुकानात 'बोर्ड गेला' असं सांगून झालं होतं. बोर्ड धडधाकट होता. गेला होता तो मागचा पंखा, आणि त्याला घालवण्यात घरच्यांचा हात होता.

त्याआधी एक खुलासा. आजच्या बहुतेक घरगुती एलईडी टीव्हींमध्ये पंखाच नसतो. मागच्या जाळीतून गरम हवा आपसूक वर निघून जाते. पंखा असतो तो जुन्या प्लाझ्मात, प्रोजेक्शन टीव्हीत, दुकानांतल्या काही मोठ्या डिस्प्लेंत. त्यामुळे मागून गुणगुण ऐकू आली म्हणून लगेच पेचकस हाती घेऊ नका. ती पॉवर सप्लायची गुणगुण असू शकते, आणि टीव्ही बंद केल्यावर येणारी टकटक म्हणजे थंड होताना आकसणारं प्लास्टिक. जाळीतून टॉर्च मारून पाती दिसतात का ते आधी बघा. दिसली तरी काही मॉडेलमध्ये पंखा टीव्ही तापल्यावरच सुरू होतो. लावल्या लावल्या फिरला नाही म्हणजे तो मेला असं नाही.

आता काकांची कथा. आदल्या उन्हाळ्यात पंखा घरघरत होता, म्हणून त्यांनी स्टिकर उचलून बेअरिंगमध्ये खोबरेल तेल सोडलं. आवाज थांबला, काका खूश. थंडीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरला तेव्हा न्हाणीघरातल्या बाटलीत जे होतं तेच आत झालं, तेल थिजलं. सकाळी टीव्ही लावला की पंखा अडखळायचा, आणि त्या चिकटलेल्या तेलावर धूळ बसून बसून उन्हाळा येईस्तोवर बेअरिंग पार गेलं. तेल द्यायचंच तर शिलाई मशीनचं, एक-दोन थेंब. गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको. तो असलेलं वंगणही धुऊन नेतो. आणि खरं सांगायचं तर तेलाने दिवस ढकलले जातात, पंखा बदलावाच लागतो.

पुढची चूक माझी. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, ८० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा आणला, काँप्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसतो तसला. माप तंतोतंत, फिरलाही छान. दहा मिनिटांनी टीव्ही बंद. काका म्हणाले, "पंखा तर फिरून राह्यला, मग टीव्ही काऊन बंद पडते बा?"

कारण नव्या पंख्याला दोनच तारा होत्या, जुन्याला तीन. दोन तारा वीज देतात. तिसरी, बहुधा पिवळी किंवा पांढरी, पंखा फिरतोय की नाही हे बोर्डाला सांगते. ती खबर आली नाही की बोर्ड पंखा बंद आहे असं समजतो आणि टीव्ही वाचवायला तो बंद करतो. काही कारागीर ही तार ग्राउंडला जोडून बोर्डाला गंडवतात, आणि काही मॉडेलमध्ये ते चालूनही जातं. तसं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. पुढच्या मे महिन्यात तो पंखा खरोखर थांबेल तेव्हा टीव्ही निमूट तापत राहील, कुणालाच कळणार नाही.

जुना पंखा सोबत नेऊन माप, जाडी, व्होल्ट आणि तारा जुळवूनच नवा घ्या. प्लाझ्मासाठी हाच मार्ग उरला आहे: पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीनेही २०१४ मध्ये. नशिबाने पंखे कंपनीचेच लागतात असं नाही. जुना पंखा खरंच मेलाय का ते पाहायचं तर तो बाहेर काढून लाल-काळ्या तारांना ९ व्होल्टची बॅटरी लावा. १२ व्होल्टचा चांगला पंखा त्यावरही हळू का होईना, फिरतो.

साफसफाईत दोन गोष्टी बिघडतात. ब्लोअरने पाती भन्नाट फिरवायची मजा येते, पण त्यात बेअरिंग झिजतं आणि फिरणारी मोटर उलटी वीज बोर्डाकडे पाठवू शकते. पाती बोटाने धरा आणि मऊ ब्रशने धूळ बाहेरच्या दिशेने काढा. दुसरी गोष्ट अस्सल नागपुरी: कुलरचा झोत थेट टीव्हीवर. टीव्हीला गार वाटेल हा भाबडा समज. त्या हवेबरोबर पाण्याचे तुषार आणि ताटीचा भुसा येतो, आणि ओली धूळ जाळीवर लिंपल्यासारखी बसते. कुलर बाजूला सरकवा. टीव्हीवरचं क्रोशाचं कापड आणि सेट टॉप बॉक्सही उचला.

मागचं झाकण उघडण्याबद्दल मी जरा भित्रा आहे, आणि तुम्हीही असा. रिमोटने बंद करून भागत नाही, प्लग काढा. तरीही २३० व्होल्टच्या सप्लायमुळे आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज बराच वेळ राहू शकतो. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका. प्लाझ्माचं झाकण तर जाणकाराकडूनच उघडवा. मी तीन तारांचा पंखा आणून ओळखीच्या कारागिराकडून बसवून घेतला.

तरी टीव्ही तापतच होता. पंखा उलटा बसला होता! बहुतेक पंख्यांच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. शेवटी काकूंनी देवघरातली उदबत्ती आणून जाळीपासून चार बोटांवर धरली. धूर बाहेर ढकलला जायला हवा होता, तो आत ओढला जात होता. पंखा फिरवून बसवला, उदबत्ती परत धरली, आणि या खेपेला धूर काकांच्या तोंडावर आला.