ओळखपत्राची मुदत संपली असली, तरी बेरोजगारीचे पैसे असे मिळवा

गेल्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ महाडच्या एम.आय.डी.सी.तून घरी आला तो गेटपास जमा करूनच. कंत्राट संपलं, माणसं कमी केली. खिशात ओळखीचा एकच कागद, लायसन, आणि त्याचीही मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली. "आधी लायसन नवं करतो, मग त्या पैशांचं बघतो," म्हणाला. त्याला म्हटलं, बाबा रे, नेमकं उलट कर.

तुमच्या पगारपत्रकात ई.एस.आय. म्हणजे कामगार राज्य विम्याची कपात दिसत असेल, तर नोकरी गेल्यावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा दावा करता येतो. त्याला लायसन लागत नाही. आधार, बँक खातं आणि ही दोन्ही तुमच्या विमा क्रमांकाला जोडलेली असणं, एवढं लागतं.

आधी बघा, नक्की काय संपलंय

लायसन आणि पासपोर्ट यांना मुदत असते. मोठ्या माणसाचं आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांच्यावर संपण्याची तारीख नसते. दहा वर्षं झाली की आधारची कागदपत्रं अद्ययावत करा असं सांगतात, ते जरूर करावं. पण केलं नाही म्हणून कार्ड मेलं असं होत नाही. कंपनीचं ओळखपत्र गेलं तरी ई.एस.आय.सी.चा, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाचा, दहा अंकी विमा क्रमांक तुमचाच राहतो.

एक जागा मात्र विसरू नका: बँक. खातं उघडताना लायसन किंवा पासपोर्ट दिला असेल आणि केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, रखडली असेल, तर व्यवहार अडू शकतात. पैसे थेट खात्यातच येतात. म्हणून दावा भरण्याआधी आधार घेऊन शाखेत जा आणि केवायसी उरकून घ्या.

पात्र आहात का?

नोकरी जाण्याआधी निदान दोन वर्षं विमाधारक असायला हवं. नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत पुन्हा ७८ दिवसांची. या सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा धरतात. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, वयाने निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर हे पैसे नाहीत.

इथे कंत्राटी कामगार हमखास फसतो. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना क्रमांक न विचारता दुसराच काढतो. मग वर्गणी दोन क्रमांकांत विभागली जाते आणि ७८ दिवस कागदावर भरतच नाहीत. मावसभावाचेही दोन निघाले. असं असेल तर दोन्ही क्रमांक आणि पगाराच्या पावत्या घेऊन आधी ई.एस.आय.सी.चं शाखा कार्यालय गाठा.

किती मिळतं?

मागच्या चार सहामाह्यांची एकूण कमाई भागिले ७३०, त्याचे निम्मे, असे जास्तीत जास्त ९० दिवस. महिना १६,००० पगार धरला तर दोन वर्षांचे ३,८४,०००. दिवसाला साधारण ५२६. त्याचे निम्मे २६३. आणि ९० दिवसांचे सुमारे २३,६७०. आयुष्यात एकूण ९० दिवसच, त्यामुळे जपून वापरा. तेवढ्या काळात तुम्हाला आणि घरच्यांना ई.एस.आय.सी.चे उपचारही मिळतात.

योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवतं. ती सध्या चालू आहे ना, हे १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर विचारून घ्या.

नावं जुळवा

आपल्याकडची खरी अडचण ही. माणूस कोकणातला, आधारवर पत्ता परळच्या खोलीचा, बँक गावातली आणि मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. पत्त्याचं फारसं मनावर घेऊ नका. नाव आणि जन्मतारीख मात्र आधार, पासबुक आणि ई.एस.आय.सी.च्या नोंदीत अक्षरशः एक हवी. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यानेही दावा लटकतो. बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनाव. आधी कुठे चुकलंय ते तपासा आणि तेवढंच दुरुस्त करा, ई.एस.आय.सी.कडची चूक कंपनीमार्फत किंवा शाखा कार्यालयातून सुधारते.

ओटीपी येण्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. त्यासाठी आधार केंद्रात गेलात तर ठसे द्यावे लागतात. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने बोटांची साल गेलेल्या बायकांचे ठसे बऱ्याचदा जुळत नाहीत. अशा वेळी परत फिरू नका. डोळ्यांचं स्कॅनिंग करा असं सांगा. काही अडलं तर आधारची मदतवाहिनी १९४७ आहे.

दावा भरताना

नोकरी गेल्यापासून ३० दिवस झाले की ई.एस.आय.सी.च्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून शिरून दावा भरा. आधार आणि पासबुकचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश स्कॅन करून चढवला, तर कागद घेऊन कुठे जावं लागत नाही. चढवला नसेल, तर दाव्याची प्रत सहीनिशी कागदांसह शाखा कार्यालयात प्रत्यक्ष द्या किंवा टपालाने पाठवा. पूर्वी लागायचं ते प्रतिज्ञापत्र आता लागत नाही. सायबर कॅफेवाला स्टॅम्प पेपरचे पैसे मागायला लागला तर उठून या.

दाव्यावर कंपनीची सही लागत नाही. पण तुमचा कामाचा शेवटचा दिवस कंपनीने ई.एस.आय.सी.कडे नोंदवलेला असावा. आमचा घोळ तिथेच झाला. नोंदच नव्हती. लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, पुन्हा फेरी मारली, तेव्हा झालं.

आणि घाई कशासाठी, तर नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत दावा करायचा असतो. लायसनच्या नादात हेच वर्ष निघून जातं.

लायसनलाही घाई आहे, पण वेगळी. मुदत संपून वर्ष झालं की नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला हवा. अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर भरता येतो आणि तालुक्याला आर.टी.ओ.चा कॅम्प लागतो, त्या दिवशी काम उरकतं. मावसभावाने दावा सोमवारी भरला आणि कॅम्पला गेला त्याच आठवड्याच्या गुरुवारी.