लेझर बोअरसायटरने रायफल झिरो करताय? या चुका टाळा

बोअरसायटर म्हणजे रायफलच्या नळीत किंवा तिच्या तोंडावर बसवायचा छोटा लेझर. त्याचा डाग नळी कुठे रोखली आहे ते दाखवतो. गोळी कुठे लागेल ते दाखवत नाही. या दोन गोष्टींची गल्लत केली की पुढचे सगळे गणित चुकते. परवान्यावर काडतुसांचा कोटा ठरलेला असल्यामुळे आपल्याकडे लोक लेझरवर जरा जास्तच भिस्त ठेवतात. स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवल्यानंतरची पहिली गोळी कागदावर पडावी, एवढेच त्याचे काम. काडतुसे वाचतात ती त्यामुळेच, पण झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी आणणे, शेवटी गोळ्या मारूनच होते.

इथले आकडे स्कोप लावलेल्या .२२ एलआर (.२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाच्या) बोल्ट रायफलचे आहेत आणि झिरो ५० मीटरवर धरला आहे. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पोटावर आणि उभे राहून) कांस्य मिळवले तेही डायऑप्टर साइटवर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या साइटवर. त्यामुळे हा खटाटोप स्कोपवाल्यांसाठीच.

लेझर नळीत विसरणे

बाकीच्या चुकांनी फार तर कागद आणि काडतुसे वाया जातात. ही चूक जिवावर बेतू शकते. नळीच्या तोंडात खोचायचा बोअरसायटर तसाच राहिला आणि गोळी सुटली, तर नळी फाटू शकते. मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण बाहेर काढा, चेंबर (काडतूस बसते तो खण) डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मगच लेझर लावा. लेझर नळीत असेपर्यंत टेबलावर एकही काडतूस नको. काम झाले की लेझर डबीत ठेवा, मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा आणि त्यानंतरच बोल्ट परत बसवा. काडतुसाच्या आकाराचा, चेंबरमध्ये बसणारा लेझर वापरत असाल तर ट्रिगर दाबू नका. फायरिंग पिनचा ठोका त्याला सोसत नाही.

लेझरच्या समोर कोणी उभे राहणार नाही आणि मागे काच किंवा चकचकीत पत्रा नसेल, हेही बघा.

लेझर स्वतःच वाकडा आहे का, हे न तपासणे

स्वस्त बोअरसायटरमध्ये लेझरचा किरण बाहेरच्या धातूच्या अक्षाशी जुळलेला असेलच असे नाही. तपासणी दोन मिनिटांची आहे. रायफल सँडबॅगवर किंवा व्हाइसमध्ये घट्ट बसवा आणि २५ मीटरवर कोरा कागद लावा. डाग पडेल तिथे पेन्सिलने खूण करा. आता रायफल न हलवता फक्त बोअरसायटर पाव वळसा फिरवा, पुन्हा खूण करा. अशा चार खुणा झाल्या की त्यांचा मध्य म्हणजे नळीची खरी दिशा. चारही खुणा एकमेकींवर पडल्या तर उत्तम. ५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ झाले तर एकाच डागावर विसंबलात तेव्हा २५ मीटरवर अडीच आणि ५० मीटरवर ५ सेंटिमीटरची चूक सुरुवातीलाच पदरात पडते.

खुणा वर्तुळात न येता कशाही विखुरल्या तर दोष बसवण्यात आहे. नळीत खोचायच्या दांड्याची बुशिंग (त्याला नळीत घट्ट बसवणारी कडी) कॅलिबरप्रमाणे, म्हणजे नळीच्या मापाप्रमाणे वेगळी असते. .२२ ला पुढच्या मापाची बुशिंग जबरदस्तीने कोंबू नका, नळीच्या तोंडाची कड दुखावली की नेमबाजी कायमची बिघडते. चुंबकाने तोंडावर चिकटणाऱ्या प्रकारात तोंडावर काजळी किंवा तेलाचा थर असला तरी किरण तिरपा जातो. आधी कापडाने पुसून घ्या.

डागावर क्रॉसहेअर आणून थांबणे

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे.

स्कोप नळीच्या वर बसतो. स्कोपच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर बहुतेक रायफलींवर ३.८ सेंटिमीटरच्या आसपास असते. २५ मीटरवर क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) डागावर आणला तर दृष्टिरेषा आणि नळीची रेषा तिथे एकमेकींना छेदतात. ५० मीटरवर नळीची रेषा ३.८ सेंटिमीटर वर जाते. पण गोळी रेषेत जात नाही, ती सुटल्या क्षणापासून पडत असते. सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाची स्टँडर्ड .२२ गोळी ५० मीटरवर नळीच्या रेषेखाली साधारण १२.५ सेंटिमीटर पडते. म्हणजे गोळी नेमापेक्षा जवळजवळ ९ सेंटिमीटर खाली लागणार. ५० मीटर टार्गेटच्या काळ्या वर्तुळाचा व्यास ११.२४ सेंटिमीटर असतो. त्याच्या मध्यावर नेम धरलात तरी गोळी काळ्याच्या बाहेर जाते, आणि मग लोक लेझरला शिव्या घालतात.

उपाय सोपा आहे. ५० मीटरवर गोळी जितकी पडते त्यातून स्कोपची उंची वजा करा आणि निम्मे करा. १२.५ वजा ३.८ म्हणजे ८.७, त्याचे निम्मे ४.४ सेंटिमीटर. कागदावर एक ठिपका काढा आणि ओळंबा सोडून त्याच्या बरोबर खाली ४.४ सेंटिमीटरवर दुसरा ठिपका काढा. २५ मीटरवरून लेझरचा डाग वरच्या ठिपक्यावर आणून रायफल पक्की करा. मग स्कोपचे नॉब फिरवून क्रॉसहेअर खालच्या ठिपक्यावर न्या. ५० मीटरचा झिरो बराचसा इथेच जुळतो.

काडतूस बदलले की हा आकडाही बदलतो. सेकंदाला ३७५ मीटरच्या हाय व्हेलॉसिटी गोळीची घसरण ५० मीटरवर १० सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणून ठिपक्यांमधले अंतर ३ सेंटिमीटरवर येते. मोठ्या कॅलिबरचे चित्र उलटे असते. .३०८ मध्ये २५ मीटरवर डाग जुळवून थांबलात तर १०० मीटरवर गोळी नेमापेक्षा ३ सेंटिमीटरच्या आसपास वर लागते.

क्लिकचा हिशेब आणि दिशा

एमओए म्हणजे कोनाचे एक मिनिट, अंशाचा साठावा भाग. नॉबचा पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिलिमीटर सरकवतो, २५ मीटरवर फक्त १.८. त्यामुळे २५ मीटरवर ४.४ सेंटिमीटर सरकवायला २४ क्लिक लागतात. 'इतके फिरवले तरी हलत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा याच हिशेबाची असते.

दिशेचा घोळ टाळायचा तर डाग म्हणजे गोळीचे भोक समजा. डाग हवा त्यापेक्षा वर दिसतोय? मग नॉब 'डाउन'कडे. नॉबवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, क्रॉसहेअर कुठे जाईल ते नाही.

नॉब टोकाला जाऊन अडला तर जोर लावू नका. दोष बहुधा माउंटमध्ये (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या जोडणीत) असतो: बेस उलटा बसलाय, रिंग रेलच्या खाचेत नीट बसलेली नाही, किंवा एका बाजूचे स्क्रू जास्त आवळले गेलेत. रिंगच्या स्क्रूंना साधारण २ न्यूटन मीटर टॉर्क पुरतो, पण बनवणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच पाळा.

डाग दिसत नाही, किंवा नाचतो

भर उन्हात लाल डाग २५ मीटरवर शोधत बसू नका. पहाटे, संध्याकाळी किंवा बंदिस्त रेंजवर काम करा, अथवा लक्ष्यावर परावर्तक टेपचा तुकडा लावा. हिरवा लेझर उजेडात बरा दिसतो. डाग फिका पडत गेला तर बटण सेल बदला. चेंबरच्या लेझरला बहुधा स्विच नसतो, टोपी आवळली की तो चालू आणि सेल संपायला सुरुवात. डोके हलवल्यावर क्रॉसहेअर डागावरून सरकत असेल तर तो पॅरॅलॅक्स आहे. साइड फोकस (अंतर जुळवायचा स्कोपच्या बाजूचा नॉब) असेल तर २५ वर आणा, नसेल तर दर वेळी गाल स्टॉकवर त्याच जागी टेकवा.

पहिल्या गोळ्यांनंतर पुन्हा लेझरकडे वळणे

लेझर काढून २५ मीटरवरून तीन गोळ्या मारा. वरचा हिशेब बरोबर असेल तर त्या गोळ्यांचा गट नेमापेक्षा साधारण सव्वा सेंटिमीटर वर येतो. मग ५० मीटरवर जा, पाच गोळ्यांचा गट मारा आणि त्याच्या मध्यावरून क्लिक मोजा. एकट्या गोळीवरून नॉब फिरवू नका. गट आणि लेझर यांचे पटले नाही तर गटाचे ऐका.

झिरो पक्का झाला की रेंजवरून निघण्यापूर्वी चेंबर रिकामे करून लेझर पुन्हा लावा, क्रॉसहेअर नेमाच्या ठिपक्यावर धरा आणि २५ मीटरवर डाग कुठे पडतो ते कागदावर टिपून ठेवा, बोअरसायटर कोणत्या बाजूने फिरवून बसवला होता त्या खुणेसकट. प्रवासात रायफलला धक्का बसला असे वाटले तर हाच कागद लावून बघा. डाग जागेवरून हलला असेल तर आधी माउंटचे स्क्रू तपासा, नॉबला हात नंतर.