‘हातात किती?’ हे आधीच विचारा

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत इंटरव्ह्यू आहे? शेवटी एचआरवाले ‘काही विचारायचंय का?’ म्हणतात, तेव्हा नुसती मान हलवून उठू नका. कंपनीच्या रोलवर घेणार की कॉन्ट्रॅक्टरच्या, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या, पेढेही वाटले आणि ऑफर लेटर निघालं भलत्याच एजन्सीचं!

सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार त्या एकूण खर्चाच्या, आकड्याने हुरळू नका. त्यात बहुतेक वेळा कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. तुमच्या बेसिकचे (मूळ पगाराचे) १२ टक्के कापले जातात ते वेगळे. बेसिक १५,००० असेल, तर दोन्हीकडचे मिळून महिन्याला ३,६०० रुपये हातात येतच नाहीत. ते पीएफ-पेन्शनमध्ये जमा होतात हे खरं, पण त्यातून सिडकोतल्या खोलीचं भाडं भागत नाही. म्हणून वही पुढे करून ‘महिन्याला हातात किती, इथे लिहून द्याल का सर?’ असं सरळ म्हणा. कोणी रागावत नाही.

कंपनी सिन्नरकडे असेल तर रात्रपाळीला बस आहे का, तेही विचारा. आणि ‘डिपॉझिट भरा’ म्हणाले, तर आलेला चहा तसाच ठेवून निघा.