सीरममधली ग्लायकोप्रोटीन्स (साखरेची साखळी असलेली प्रोटीन्स) मास स्पेकला (रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला) पाठवायच्या आधी काय काय करायचं
सांगली-मिरजेत बायोकेमिस्ट्री, बायोटेक करणाऱ्यांसाठी लिहितोय. मास स्पेक आपल्या कॉलेजात नसतो, सॅम्पल पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, पण डेटा कसा येणार हे बरंचसं आपल्याच टेबलावर ठरतं.

आधी एक घोळ मिटवा. शुगरवाल्यांची एचबीएवनसी टेस्ट असते त्यात ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपोआप चिकटतं, ते ग्लायकेशन. आपला विषय ग्लायकोसिलेशन, म्हणजे पेशी एन्झाइम वापरून प्रोटीनवर साखरेची साखळी बसवते ते.

मिरजेत हॉस्पिटलं भरपूर, सीरम मिळेल, पण एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. सीरम छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे 80 ला ठेवा, सारखं वितळवू नका.

डीटीटी (प्रोटीनमधले गंधकाचे जोड तोडायला), अंधारात आयोडोअ‍ॅसिटमाइड (ते परत जुळू नयेत म्हणून), मग रात्रभर 37 डिग्रीला ट्रिप्सिन (प्रोटीनचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, करणारं एन्झाइम), इथवर नेहमीचंच. सीरममध्ये निम्म्याहून जास्त प्रोटीन अल्ब्युमिन असतं आणि त्यावर साखळी नसते, म्हणून आता हिलिक (पाण्याकडं ओढ असलेले रेणू धरून ठेवणारी पद्धत) करून साखरवाले पेप्टाइड वेगळे काढायचे. 80 टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल आणि 1 टक्का टीएफएमध्ये (ट्रायफ्लुरोअसेटिक आम्ल) लोड करा, त्यातच धुवा, 0.1 टक्का टीएफएच्या पाण्यात काढा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अ‍ॅसिटोनायट्राइल भराभर उडतं आणि टक्का घसरला की पेप्टाइड धरलेच जात नाहीत, त्यामुळे बफर त्याच दिवशी बनवा आणि झाकण घट्ट लावा.

साखळी नेमकी कुठं होती हे बघायला पीएनजीएज एफ हे एन्झाइम वापरतात. ते साखळी तोडतं आणि अ‍ॅस्परॅजिनचं अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड होतं, वजन 0.984 डाल्टननं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) वाढतं. पण हाच बदल एन्झाइमशिवाय आपोआपही होतो!! म्हणून एन्झाइम न घातलेली एक ट्यूब तेवढाच वेळ, त्याच तापमानाला ठेवाच, पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा. साइटला अ‍ॅस्परॅजिन, मग प्रोलिन सोडून काहीही, मग सेरिन किंवा थ्रिओनिन हा क्रम आहे का तेही बघा.

साखळीसकट पेप्टाइड पाठवणार असाल तर फॅसिलिटीला स्टेप्ड एचसीडी (वेगवेगळ्या ऊर्जेवर रेणू फोडायची पद्धत) लावायला सांगा. डेटा आला की स्पेक्ट्रममध्ये 204.087 आणि 366.14 शोधा, हे साखरेचे तुकडे. आणि सायलिक अ‍ॅसिड 291.095, दोन फ्युकोज मिळून 292.116 (दोन्ही साखळीतल्या साखरा, आकडे साखळीत भर पडणाऱ्या वजनाचे), जेमतेम 1 डाल्टनचा फरक, सॉफ्टवेअरनं आयसोटोपचा (त्याच रेणूच्या किंचित जड रूपाचा) पीक चुकीचा धरला की एकाचं दुसरं होतं. तेव्हा सायलिक अ‍ॅसिडच्या तुकड्यांचे 274.09 आणि 292.10 चे पीक स्वतः डोळ्यांनी बघा, ते नसतील तर सायलिक अ‍ॅसिड लिहू नका.