मुलांकडे अमेरिकेला चाललात? जेम्सटाऊन ते यॉर्कटाऊन असं बघा

नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, मॉल तर रोजचेच. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि आपण खिडकीतून खारी बघत बसलेलो. सोलापूरहून सहा-सहा महिने जाणाऱ्या मंडळींना माझा सल्ला आहे: मुलांना सांगून चार-पाच दिवसांची, गाईडसकटची बसची सहल बुक करा, आणि ती अमेरिकेतल्या इंग्रजांच्या पहिल्यावहिल्या गावांची करा. आपल्या हिशेबानं ही गावं काही फार जुनी नाहीत. जेम्सटाऊन वसलं १६०७ साली. आपला भुईकोट तेव्हा कधीचा उभा होता. पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे हक्कानं सांगते, ज्या कंपनीनं आपल्यावर राज्य केलं तिचे धागेदोरे या गावांत पावलोपावली सापडतात. ते ठाऊक असले तर सहल रंगते. नसले तर लाल विटांची घरं बघून परत यायचं.

सहल ठरवताना किंमत शेवटी विचारा. पहिला प्रश्न, व्हर्जिनियात मुक्काम किती रात्रींचा? दोनपेक्षा कमी असेल तर ती सहल सोडून द्या. जेम्सटाऊन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाऊन ही तीन ठिकाणं कलोनियल पार्कवे नावाच्या एकाच रस्त्यावर आहेत. हा रस्ता सगळा मिळून साधारण ३७ किलोमीटर, म्हणजे सोलापूर-अक्कलकोटएवढा. एवढ्याशा पट्ट्यात १६०७ पासून १७८१ पर्यंतचा इतिहास आहे, आणि काही सहली तो दुपारच्या जेवणाआधी उरकतात.

दुसरा प्रश्न, जेम्सटाऊन म्हणजे नेमकं कुठलं? तिथं दोन आहेत. ‘हिस्टॉरिक जेम्सटाऊन’ ही खरी जागा, जिथं उत्खनन झालं ती. ‘जेम्सटाऊन सेटलमेंट’ हे जवळच उभारलेलं संग्रहालय. तिथं किल्ल्याची आणि तीन जहाजांची प्रतिकृती आहे. नातवंडं बरोबर असतील तर दुसरं, आपण दोघंच असू तर पहिलं. दोन्ही असतील तर देवच पावला. शिवाय प्रवेशाची तिकिटं सहलीच्या पैशांत धरली आहेत का, ते लिहून घ्या. विल्यम्सबर्गच्या रस्त्यावरून फुकट हिंडता येतं, पण घरांत आणि कारागिरांच्या दुकानांत जायला तिकीट लागतं.

बऱ्याच सहली फिलाडेल्फियाहून निघतात. तिथं इंडिपेंडन्स हॉल बघायचा, कारण १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्ही तिथलीच. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, विमानतळासारखी तपासणी होते, म्हणून मोठी पर्स बसमध्येच ठेवा. समोरची लिबर्टी बेल म्हणजे तडा गेलेली घंटा. लंडनहून मागवली आणि आल्या आल्या वाजवून बघितली तेव्हाच फुटली, मग तिथल्याच कारागिरांनी ती पुन्हा ओतली. आज दिसतो तो तडा नंतरचा. फोटो काढा आणि पुढे चला. पुढचा बसप्रवास लांबचा आहे, मानेची उशी घ्या.

व्हर्जिनियात पोचल्यावर आधी जेम्सटाऊन करा. हे गाव राजानं वसवलं नाही, लंडनच्या व्यापाऱ्यांच्या व्हर्जिनिया कंपनीनं वसवलं. तिचा बरीच वर्षं खजिनदार होता सर थॉमस स्मिथ, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नरही हाच. म्हणजे सुरतेच्या वखारीचा आणि या दलदलीतल्या गावाचा जमाखर्च बघणारा माणूस एकच. हे मी गाईडला सांगितलं तेव्हा त्यानं माइक माझ्या हातात दिला.

इथला मूळ किल्ला नदीनं खाल्ला असंच लोक धरून चालले होते. १९९४ पासून पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी खणायला सुरुवात केली आणि लाकडी कुंपणाचे खांब जिथं रोवले होते तिथले काळपट डाग मातीत सापडले. गाईडला ते डाग समजावून सांगायला लावा, नाहीतर नुसतं गवत दिसतं. १६०९-१० च्या हिवाळ्यात इथल्या सुमारे ३०० माणसांपैकी ६० च जगली. या खऱ्या जागेवरच्या संग्रहालयात चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी आहे, तिच्यावर सुरीच्या खुणा आहेत. त्या उपासमारीत माणसांनी माणसाचं मांस खाल्लं याचा तो पुरावा. काळीज घट्ट करूनच आत जा. १६१९ मध्ये याच गावात लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली, आणि त्याच साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पकडून आणलेले पहिले आफ्रिकी लोक विकले गेले. गाईड पहिली गोष्ट सांगून थांबला तर दुसरी तुम्ही विचारा.

विल्यम्सबर्गला पूर्ण दिवस द्या. १६९९ ते १७८० ही व्हर्जिनियाची राजधानी. नंतर गाव मागं पडलं, आणि १९२६ पासून रॉकफेलर या अब्जाधीशाच्या पैशानं ते पुन्हा अठराव्या शतकात नेऊन ठेवलं. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर हा मुख्य रस्ता दीडेक किलोमीटर, त्यावर गाड्या नाहीत, फक्त घोडागाड्या. जुन्या वेशातली माणसं दोन प्रकारची: काही आजच्या भाषेत माहिती देतात, काही १७७५ सालीच राहतात. दुसऱ्यांना वाय-फायचा पासवर्ड विचारू नका, ते तुमच्याकडे बघतच राहतील. त्या काळी इथली निम्मी वस्ती काळ्या लोकांची, त्यातले बहुतेक गुलाम. त्यांच्याबद्दल बोलणारे स्वतंत्र कार्यक्रम असतात, ते चुकवू नका.

सोलापूरकरांनी लोहाराकडे पाच मिनिटं काढावीत आणि विणकराकडे तास. आमच्या ह्यांचं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, मागाच्या खडखडाटात गेलं. तिथला हातमाग बघून हे दोरी ओलांडायच्याच बेतात होते. धोटा हातानं एका बाजूनं सरकवायचा, दुसऱ्या हातानं झेलायचा, मग फणी ओढून ठोकायची. ह्यांनी वाकून ताणा न्याहाळला आणि सरळ विचारलं, “हाऊ मेनी थ्रेड्स, वन इंच?” विणकर बाई खूश! मग दोघांचं हातवाऱ्यांनीच चाललं. जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारा माग, तिथं शोधू नका, तो १८०४ चा. म्हणजे आपल्या चादरीवरचा मोर त्या मागावर उतरला नसता. शेजारी रंगवलेल्या सुताच्या लडी टांगलेल्या होत्या, निळीच्या आणि मंजिष्ठाच्या. हिंदुस्थानी छापील कापड तेव्हा व्हर्जिनियातही विकायला यायचं, हेही त्यांच्याकडून ऐकून घ्या.

यॉर्कटाऊन शेवटी. नुसतं मैदान, मातीचे बुरूज आणि तोफा, त्यामुळे बसमधली निम्मी माणसं इथं पेंगतात. आपण पेंगायचं नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ ला इथं इंग्रज फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, तलवार द्यायला हाताखालच्याला पाठवलं. हाच कॉर्नवॉलिस १७८६ ला कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९२ ला त्यानं टिपूला श्रीरंगपट्टणला नमवलं तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूनं होते. १७९३ चा बंगालचा कायमधारा त्याचाच, आणि १८०५ मध्ये तो मेलाही गाझीपूरला. अमेरिकेत हरलेल्या माणसाला आपल्याकडे बढती मिळाली! सरेंडर फील्डच्या कठड्याशी उभं राहून हे नवऱ्याला किंवा बायकोला मराठीत सांगा.

आता सोय. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. जुलैत व्हर्जिनियात उकाडा घामट असतो, आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथं कामाला येत नाही. साडीवर चालेल, पण पायात बूटच हवेत. शाकाहारी असाल तर दुपारी चीज सँडविचवर भागवावं लागतं, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी जवळ ठेवा. पाण्याच्या बाटलीपेक्षा तीच जास्त उपयोगी पडते. भारतातून नेताना विमानतळावर खाण्याचं आहे म्हणून सांगून टाका, आणि फळं, बिया अजिबात नेऊ नका. बसमध्ये पुढची जागा मागा, गाईडचे उच्चार जवळून कळतात. गाईड आणि ड्रायव्हरला शेवटी टीप द्यायची पद्धत आहे, तेवढे सुटे डॉलर मुलांकडून आधीच घ्या.

बॉस्टन-प्लिमथ याच सहलीत कोंबू नका, ते वेगळं करा. बॉस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला समुद्रात फेकलेल्या चहाच्या ३४२ पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्याच होत्या, चहा मात्र चीनचा. प्लिमथला १६२० कोरलेला प्रसिद्ध खडक आहे. वरून वाकून बघायचा, दोन मिनिटांत बघून होतो. त्या साली इंग्रज वसाहतकऱ्यांना इथं घेऊन आलेल्या मेफ्लॉवरच्या धर्तीचं, तिथं नांगरलेलं जहाज मात्र आतून बघा: १०२ प्रवासी तेवढ्या जागेत ६६ दिवस होते. त्याचे जिने उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर डेकवरूनच बघा.